वाकळ, घोंगडं आणि चूल: आपल्या भागातल्या स्वस्त उबेचा इतिहास

दिवाळी सरली, कारखान्यांची धुराडी पेटली आणि जयसिंगपूर-शिरोळ रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागल्या, की समजायचं, थंडी आली. लगेच मोबाईलवर रूम हीटरच्या जाहिराती सुरू होतात. म्हणून आजच्या भागाचा प्रश्न साधा आहे. घरात हीटरच काय, वीजसुद्धा नव्हती, तेव्हा आपल्याकडची माणसं थंडी कशी काढत होती? तेही कमी पैशात?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. युरोपात हिवाळा लांबलचक आणि बर्फाचा. तिथे शेकोटीची चिमणी बांधून अख्खी खोली तापवावी लागायची. आपल्याकडे थंडी रात्रीची आणि पहाटेची. दुपारी ऊन असतंच. त्यामुळे आपल्या लोकांनी खोली तापवण्यावर खर्च केला नाही. दिवसाचं ऊन भिंतीत साठवलं आणि रात्री अंग झाकलं. मातीची जाड भिंत दिवसभर तापते आणि रात्री हळूहळू ऊब सोडते. आजची पातळ भिंत आणि वरचा उघडा स्लॅब पहाटेपर्यंत गार होऊन जातो.

जयसिंगपूर तसं नवं गाव. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी या लोहमार्गावर सरळ, रुंद रस्त्यांची व्यापारी पेठ वसवली आणि आपले वडील जयसिंगराव घाटगे यांचं नाव तिला दिलं. पेठ नवी होती, पण आसपासच्या खेड्यांतून आलेल्या लोकांचं अंथरूण-पांघरूण जुनंच होतं. त्यात पहिला मान वाकळीचा.

पुण्याकडे गोधडी म्हणतात, आपण वाकळ म्हणतो. वरून-खालून जुनं लुगडं, आत धोतराचे तुकडे, फाटके सदरे, चिंध्या आणि सगळीकडून हाताने घातलेले टाके. हे टाके फक्त नक्षीसाठी नसतात. आतले थर ते जागच्या जागी धरून ठेवतात, आणि थरांमध्ये अडकलेली हवाच आपल्याला ऊब देते. खर्च किती? सुई, दोरा आणि बायकांची उन्हाळ्यातली दुपार. त्या दुपारचा हिशोब मात्र कुणीच मांडला नाही.

शेजारच्या इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. पुढे ते गाव कापडाचं मोठं केंद्र झालं. जिथे कापड मुबलक तिथे चिंध्याही मुबलक. पण दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली आणि १९४३ मध्ये सरकारने कापडावर कंट्रोल आणला. अशा काळात फाटलेला प्रत्येक कपडा म्हणजे घरची शिल्लक. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण नुसता उपदेश नाही. त्या घरांत अंथरूण खरंच मोजूनमापून असायचं.

दुसरा मान घोंगड्याचा. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरायची, ती पिंजायची, धनगर बायकांनी चरख्यावर सूत काढायचं, सनगर विणकरांनी खड्ड्याच्या मागावर विणायचं आणि चिंचोक्याची खळ लावायची. हातकणंगले तालुक्यातलं पट्टणकोडोली विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेसाठी जसं प्रसिद्ध, तसंच घोंगड्यासाठीही.

लोकरीची गंमत अशी, की स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा तिने शोषला तरी ती हाताला फारशी ओली लागत नाही. म्हणून दव असो की भुरभुर पाऊस, मेंढपाळ घोंगड्यातच. पण एकदा पुरतं भिजलं की ते जड होतं आणि वाळता वाळत नाही. ‘भिजत घोंगडं’ हा शब्द तिथूनच आला!

तिसरी चूल. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायचे, म्हणजे पहाटे पुन्हा काडी ओढायला नको. जळण म्हणजे शेणी, चिपाडं, तुराट्या. स्वयंपाक, अंघोळीचं पाणी आणि ऊब, तिन्ही एकाच जाळावर. पण हे स्वस्त नव्हतं, याची किंमत बायकांच्या डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी मोजली. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि अनेक घरांत गॅस पोहोचला. धूर कमी झाला हे चांगलंच झालं. चुलीची ऊब मात्र गॅसच्या शेगडीला नाही.

मग त्या उबेच्या जागी काय आलं? पानिपतची ब्लँकेटं. जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढायचं, ही युक्ती १८१३ मध्ये इंग्लंडमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉ यांनी यशस्वी केली. तिला ‘शॉडी’ म्हणतात. पानिपत त्याच धंद्यावर वाढलं. विचार केला तर ही यंत्राने केलेली वाकळच! त्यानंतर पॉलिस्टरची मऊ ब्लँकेटं आली. ती हलकी, स्वस्त आणि धुवायला सोपी. त्यांच्यापुढे घोंगडं महाग पडलं, आणि कित्येक ठिकाणी मेंढपाळाला लोकर फेकून द्यायची वेळ आली. मेंढी तीच, पण तिच्या लोकरीला गिऱ्हाईक नाही.

आता खरा प्रश्न. आज आपल्या भागात थंडी सगळ्यात जास्त कुणाला लागते? हंगामाच्या तोंडावर जयसिंगपुरात ऊस परिषद भरते, उसाच्या दरावर जोरात चर्चा होते. त्याच सुमारास बीडकडून आलेली कुटुंबं शिवारात खोप्या उभ्या करत असतात. खाली ओली जमीन, बाजूला प्लास्टिक, आत लहान पोरं. कोयता चालतो पहाटेपासून. ज्यांच्या हाताने आपली साखर होते, त्यांच्या पोरांच्या अंगावर काय आहे, हे आपण विचारतो का?

इतिहासाने शिकवलेल्या दोन गोष्टी इथे उपयोगी पडतात. एक, थंडी खालूनही येते. वर दोन पांघरुणं घेण्यापेक्षा एक खाली अंथरा. वाळलेलं पाचट आणि त्यावर वाकळ, एवढ्यानेही फरक पडतो. दुसरी, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधीही झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग, ना वास. जुन्या घरात धूर जायला कौलांच्या फटी होत्या, आपल्या खोलीला त्या नाहीत.

तर मंडळी, या आठवड्यात घरची ट्रंक उघडा. वाकळ सापडली तर आजीला विचारा, यातलं कुठलं लुगडं कुणाचं? आणि पडून असलेलं चांगलं ब्लँकेट धुऊन जवळच्या खोपीपर्यंत पोहोचवा. जानेवारीत नको, आत्ताच द्या. भेटू पुढच्या भागात!