फ्यूजची तार आणि पडणारा खटका

मुंबईत विजेचे पहिले दिवे 1882 साली क्रॉफर्ड मार्केटात लागले खरे, परंतु ते लावणारी कंपनी लवकरच बुडाली. पुढे 1905 साली स्थापन झालेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने आणि 1915 पासून खोपोलीस वीज निर्माण करणाऱ्या टाटांच्या जलविद्युत केंद्राने हा नवा प्रकाश हळूहळू घरोघरी नेला. या इतिहासात धरणे आणि ट्रामगाड्या यांचे वर्णन अगत्याने येते. मीटरशेजारी बसविलेल्या चिनी मातीच्या पांढऱ्या ठोकळ्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते, आणि ती घेतली जावी असे मला मनापासून वाटते, कारण विजेच्या दोषाने घर पेटू न देण्याची जबाबदारी दीर्घकाळ मुख्यतः त्याच्यावरच होती.

वायरमन लोक या ठोकळ्याला किटकॅट म्हणत. त्याचा वरचा भाग ओढून काढला की पितळी स्क्रूंच्या दोन टोकांमध्ये ताणलेली कल्हईच्या तांब्याची बारीक तार दिसे: पाच अँपिअरसाठी 0.2 मिलिमीटर जाडीची, पंधरा अँपिअरसाठी 0.5 मिलिमीटरची. जाणता वायरमन जळलेल्या तारेवरूनच दोषाचे निदान करी. तार मधोमध वितळून दोन्ही टोके शाबूत राहिली असली, तर भार अतोनात झाला असे तो समजे; आणि तार समूळ नाहीशी होऊन चिनी मातीवर काजळी व तांब्याचे सूक्ष्म कण उडालेले असले, तर कोठेतरी फेज आणि न्यूट्रल एकमेकांस भिडले आहेत, हे ओळखून तो सागवानी केसिंगवरची पट्टी उकलावयास घेई. या विद्येची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ती उस्तादाकडून शागिर्दाकडे हातोहात चालत आली.

परंतु या व्यवस्थेत एक घातक उणीव होती, ती अशी की तार बदलण्याची मुभा कोणासही होती. रात्री फ्यूज उडाला आणि योग्य तार हाताशी नसली, म्हणजे लवचीक वायरीतील चारसहा तंतू पिळून तेथे बसविले जात. दिवे लागत, आणि त्या दिवसापासून किटकॅटऐवजी भिंतीतील वायरच आधी तापू लागे.

मानहाइम येथील हुगो श्टोट्स यांच्या कारखान्यात 1924 च्या सुमारास घडलेल्या स्वयंचलित खटक्याने ही मुभा काढून घेतली. त्यात द्विधातूची पट्टी जादा भाराने सावकाश तापून वाकते आणि विद्युत्‌चुंबक शॉर्टसर्किट होताच तत्क्षणी खटका पाडतो. आपल्याकडील सामान्य घरांत हा खटका, म्हणजे एमसीबी, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रुळला.

जुन्या वायरमनला जे काजळी सांगे, ते आता काळ सांगतो. वर करताक्षणीच खटका पडत असेल, तर शॉर्टसर्किटचा संशय घ्यावा. परंतु 3000 वॅटचा गीझर, 1500 वॅटची किटली आणि 1000 वॅटची इस्त्री एकाच 16 अँपिअरच्या खटक्यावर चालू असता तो काही वेळाने पडत असेल, तर 230 व्होल्टला सुमारे 24 अँपिअरचा हा भार त्याने तासाच्या आत तोडणे अपेक्षितच आहे. मात्र खटका लगेच पडत असेल, तेव्हा सर्व उपकरणांचे प्लग काढून तो वर करावा आणि मग एकेक उपकरण लावीत जावे. ज्याच्या लावण्याने तो पडेल, तेथे दोष शोधावा. सारे काढूनही तो पडत राहिला, तर दोष वायरिंगमध्ये किंवा खुद्द खटक्यात आहे. मोठ्या अँपिअरचा खटका बसवून या तक्रारीतून सुटू पाहणारा गृहस्थ मात्र चारसहा तंतू पिळण्याचाच प्रकार नव्या साधनाने करीत असतो.

किटकॅटला एक गोष्ट कधीच उमगली नाही: जमिनीकडे होणारी गळती. माणसाचा जीव घेण्यास पुरेसा प्रवाह पाच अँपिअरच्या तारेला जाणवतही नसे. आता 30 मिलिअँपिअरच्या गळतीस पडणारा आरसीसीबी बसविला जातो, आणि आषाढ-श्रावणात भिंती ओलावल्या म्हणजे तो वारंवार पडू लागतो. तेव्हा परवानाधारक वायरमनकडून मेगर, म्हणजे वायरीच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र, लावून घ्यावा. 1956 च्या विद्युत् नियमांनी 500 व्होल्टच्या दाबाखाली एक मिनिटभर किमान एक मेगओहम रोध टिकला पाहिजे असे ठरविले होते, आणि ओल धरलेल्या जुन्या भिंतीत त्या यंत्राचा काटा पुष्कळदा त्याच्या बराच खाली थांबतो.