बिनडोक्याचा ब्राउझर आणि धाराशिवची वेलांटी

बेंबळीच्या आमच्या जुन्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात रानाचे कागद. सगळ्यात तळाचे निजामाच्या काळातले, उर्दूतले. आजोबांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नसे. स्वतःच्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा आणि तो सांगेल ते खरं मानायचं! १९४८ च्या सप्टेंबरात निजामी गेली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. पेटीतले वरचे कागद मराठीत आहेत.

ही पेटी आठवायचं कारण वेगळंच. मध्यंतरी मी भाऊबंदांसाठी एक छोटंसं वेबपान केलं. कोणाचं रान किती, विहिरीच्या पाण्याची पाळी कोणाची कधी, एवढंच. काका म्हणाले, "फोनवर दिसतंय ते ठीकाय, पर कागद दे की रं." म्हणून पीडीएफ करायला घेतली. एक तयार लायब्ररी वापरली, आणि पहिल्याच ओळीत छापून आलं – 'धाराशवि'! जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं होतं, माझ्या प्रोग्रामनं ते आणखी एकदा बदललं.

काकांनी कागद लांब धरला. "ह्ये कुणाकडनं वाचून घ्यायचं आता?"

चूक कुठे होती? आपण 'शि' लिहितो तेव्हा वेलांटी आधी काढतो, पण युनिकोडमध्ये आधी श साठवला जातो, मग वेलांटी. दाखवताना ती उचलून मागे न्यावी लागते, जोडाक्षरं जुळवावी लागतात. इंग्रजीला यातलं काहीच लागत नाही. १९९३ साली अडोबीनं आणलेल्या पीडीएफमध्ये तर कोणतं अक्षरचित्र कुठे ठेवायचं एवढंच असतं. जुळवाजुळव आधीच कोणीतरी करायची. माझी लायब्ररी ती करत नव्हती.

ब्राउझर मात्र ती रोज करतो, नाहीतर पडद्यावर मराठी दिसलीच नसती. मग त्यालाच कामाला लावायचं, फक्त खिडकी न उघडता. यालाच हेडलेस ब्राउझर म्हणतात. तो पान उघडतो, त्यातली जावास्क्रिप्ट चालवतो, कागदाच्या मापात मांडणी करतो आणि पीडीएफ लिहितो. २०११ साली आरिया हिदायत यांनी फँटमजेएस आणलं, तेव्हा ही युक्ती बऱ्याच जणांच्या हाती आली. २०१७ मध्ये क्रोमच्या ५९ व्या आवृत्तीत हीच सोय आली, त्याच वर्षी ती चालवायला पपेटियर आलं. २०१८ मध्ये फँटमजेएसचं काम थांबलं.

मीही क्रोम लावला. पहिल्या वेळी नुसत्या रिकाम्या चौकटी! सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नव्हता. तो टाकला आणि वेलांटी जागेवर आली. तरी एक कसर राहतेच. कागदावर शुद्ध दिसणारा मजकूर पीडीएफमधून कॉपी केला तर कधीकधी विस्कटतो, शोधला तर सापडत नाही. म्हणून मूळ वेबपानही मी जपून ठेवलंय.

निजामाच्या काळात राज्याचा कारभार उर्दूत चाले, मराठीला त्यात दुय्यम जागा होती. माझ्या कागदावर ती मोडली ती कुणाच्या हुकुमानं नव्हे. लायब्ररी लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर बेंबळीचा माणूस नव्हता, आणि मीही छापण्याआधी वाचून पाहिलं नव्हतं.

असो. काकांनी नवा कागद बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला. त्यांची पाळी एक दिवस चुकली होती. ती दुरुस्त करून घेतली आणि मगच तो पेटीत ठेवला.