कार्यालयीन लॅपटॉपवर मुक्त डेस्कटॉप : बदलापूर्वी काय तपासावे?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असल्याने सुस्थितीतील अनेक लॅपटॉप नव्या प्रणालीस अपात्र ठरले. सुरक्षा सुधारणांविना असा लॅपटॉप कामासाठी वापरणे धोक्याचे आहे आणि नवा घेणे खर्चाचे. लिनक्स व त्यावरील मुक्त स्रोत डेस्कटॉप हा तिसरा मार्ग छोटी कार्यालये, सल्लागार आणि अनुवादक यांच्यापुढे आहे. मात्र तो यशस्वी होईल की नाही, हे पडद्याच्या रूपापेक्षा रोजच्या कामाच्या स्वरूपावर ठरते.

डेस्कटॉप म्हणजे काय?

लिनक्स हा प्रणालीचा गाभा होय. पडद्यावरील खिडक्या, मेनू, खालची पट्टी, फायली पाहण्याची सोय आणि सेटिंग या सर्वांचा संच म्हणजे डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट. विंडोजमध्ये गाभा आणि हा संच एकत्रच येतात. लिनक्समध्ये ते वेगवेगळे असल्याने वापरणाऱ्याला निवड करता येते.

जर्मनीतील विद्यार्थी मॅथियस एट्रिख याने १४ ऑक्टोबर १९९६ रोजी केडीई प्रकल्पाची घोषणा केली. विंडोज १० चा पाठिंबा संपला तो बरोबर २९ वर्षांनी, त्याच तारखेला. केडीई ज्या क्यूट या साधनसंचावर उभारले गेले, त्याचा परवाना त्या काळी पूर्णतः मुक्त नव्हता. त्यावरील आक्षेपातून १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी ग्नोम प्रकल्प सुरू केला. ग्नोमने २०११ मध्ये आपली मांडणी आमूलाग्र बदलली, तेव्हा जुनी पद्धत पसंत असणाऱ्यांसाठी मेट आणि सिनॅमन हे पर्याय पुढे आले.

कोणता निवडावा?

विंडोजची सवय असलेल्यांना केडीईचा प्लाझ्मा किंवा लिनक्स मिंटसोबत येणारा सिनॅमन लवकर हाताशी बसतो. प्लाझ्माची सहावी आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. ग्नोमची रचना सुटसुटीत असली तरी वेगळी आहे; तिला काही दिवस द्यावे लागतात. चार जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपसाठी एक्सएफसीई हा हलका पर्याय उपयुक्त ठरतो. हे सर्व डेस्कटॉप विनामूल्य उपलब्ध आहेत.

आधी परवानगी, मग चाचणी

लॅपटॉप कंपनीच्या मालकीचा असल्यास संगणक विभागाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय काहीही बदलू नये. व्हीपीएन, माहितीचे कूटबद्धीकरण आणि दूरस्थ देखरेख यांचे नियम त्याच्याशी निगडित असतात.

परवानगी मिळाल्यावरही प्रणाली थेट बसविण्याची घाई नको. बहुतेक लिनक्स वितरणे पेनड्राइव्हवरून, हार्डडिस्कला हात न लावता चालविता येतात. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रोजेक्टर, प्रिंटर आणि लॅपटॉप झाकून पुन्हा उघडल्यावर तो जागा होतो का, हे सारे याच टप्प्यावर तपासावे. बोटाचा ठसा वाचणारे उपकरण अनेकदा चालत नाही.

एक खबरदारी अनेकांच्या लक्षात येत नाही. काही लॅपटॉपमध्ये विंडोजचे बिटलॉकर कूटबद्धीकरण आपोआप सुरू असते. सुरू होण्याच्या सेटिंगमध्ये बदल केल्यास विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागू शकते आणि तो हाताशी नसेल तर माहिती कायमची बंदिस्त होऊ शकते. म्हणून हा क्रमांक आधीच कागदावर उतरवून घ्यावा, सर्व फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी आणि ती प्रत उघडून पाहावी.

मराठी मजकुराचा प्रश्न

युनिकोडमधील मराठी लिनक्सवर विनासायास दिसते. इनस्क्रिप्ट कळफलक सेटिंगमध्ये जोडता येतो; रोमन अक्षरांवरून उच्चारानुसारी टंकलेखन करणाऱ्यांसाठी आयबस या साधनात सोय आहे.

खरी अडचण जुन्या दस्तऐवजांची आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या फायलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात. देवनागरी रूप केवळ फॉन्टमुळे दिसते. फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात. परवाना अनुमती देत असल्यास तो फॉन्ट लिनक्सवर बसविता येतो, पण टंकनाचे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजपुरतेच असते. त्यामुळे असे दस्तऐवज आधीच युनिकोडमध्ये रूपांतरित करावेत आणि रफार व जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत.

कोणती कामे अडतात?

पत्रव्यवहार, तक्ते आणि सादरीकरणे लिबरऑफिसमध्ये होतात. कॅलिब्रीऐवजी त्याच मापाचा कार्लिटो फॉन्ट वापरल्यास पाने फारशी विस्कटत नाहीत. मात्र एक्सेलमधील गुंतागुंतीचे मॅक्रो जसेच्या तसे चालतील याची खात्री नसते. मायक्रोसॉफ्टने टीम्सचे लिनक्ससाठीचे स्वतंत्र अॅप २०२२ मध्ये बंद केल्याने ते ब्राऊझरमधून वापरावे लागते. टॅलीसारखे विंडोजवरील लेखा सॉफ्टवेअर आणि डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन यांची चाचणी विवरणपत्राच्या अंतिम मुदतीच्या कितीतरी आधी घ्यावी. यांपैकी एखादे काम अपरिहार्य असेल, तर विंडोज आणि लिनक्स एकाच लॅपटॉपवर ठेवण्याचा मार्ग खुला आहे. मात्र पाठिंबा संपलेल्या विंडोजचा वापर तेवढ्या कामापुरताच ठेवावा.

संस्थांचा अनुभव

म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला. केडीई डेस्कटॉप असलेली ही व्यवस्था २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणकांवर पोहोचली. तरीही २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव झाला. अन्य कार्यालयांशी दस्तऐवजांची देवघेव हा तेथील सततच्या तक्रारींचा विषय होता. दुसरीकडे, जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार शासकीय संगणक टप्प्याटप्प्याने मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्याचे जाहीर केले. भारतात, पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही प्रणाली विकसित केली आहे.

वैयक्तिक पातळीवरही टप्प्याटप्प्याने जाणेच हिताचे. प्रथम विंडोजवरच लिबरऑफिस, फायरफॉक्स आणि थंडरबर्ड वापरून पाहावे. महिनाभर काम त्यावर निभावले, तर डेस्कटॉप बदलणे ही शेवटची आणि सर्वांत सोपी पायरी ठरते.