चारा-झुडपे

उन्हाळ्यात कडब्याची गंजी तळाला गेली की बांधावरचा हिरवा पाला जनावरांना तारतो. सुबाभूळ, शेवरी, हादगा ही महाराष्ट्रातली ओळखीची चारा-झाडे. सुबाभळीची मुळे खोल जातात, म्हणून गवत करपल्यावरही ती हिरवी राहते.

मूळची मेक्सिकोकडची ही सुबाभूळ गावोगाव पोचवण्यात मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला स्थापलेल्या ‘बायफ’ या संस्थेचा वाटा मोठा आहे.

खरे कसब छाटणीत. झाड सुमारे मीटरभर उंचीवर छाटले की खोडाला धुमारे फुटतात आणि कोवळा पाला हाताशी राहतो. शेंगा पिकू दिल्या तर बी पडून शेतभर रोपे माजतात.

सुबाभळीत मायमोसिन हे विषारी द्रव्य असते. नुसता तिचाच पाला खाणाऱ्या जनावराचे केस गळतात. म्हणून तिचे प्रमाण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवावे आणि बाकी कडबाकुट्टी घालावी.