उशाशी कोण बसले होते?

धर्मगुरूच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात तीन नोंदवह्या हमखास असतात: स्नानसंस्काराची, विवाहाची आणि मृत्यूची. पहिल्या दोन वारंवार बाहेर काढाव्या लागतात, कारण लोकांना दाखले हवे असतात. तिसरी सहसा कोणी मागत नाही. खानदेशातील एका रेल्वेच्या गावी माझी नेमणूक असताना पावसाळ्यातील एका दुपारी ती वही मी पहिल्या पानापासून वाचून काढली. नाव, वय, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, मृत्यूचे कारण, अखेरचे संस्कार मिळाले किंवा नाही आणि शेवटी धर्मगुरूची सही, असे तिचे रकाने. जुन्या पानांवर कारणांच्या रकान्यात ताप, पटकी, बाळंतपण असे शब्द येतात. अलीकडच्या पानांवर 'कॅन्सर' हा शब्द वरचेवर भेटू लागतो. त्या माणसाने अखेरचे दिवस कसे काढले, त्याची वेदना शमली होती काय, उशाशी कोण बसले होते, यासाठी मात्र त्या वहीत रकाना नाही.

या न लिहिलेल्या रकान्यालाही इतिहास आहे. तो आपल्या ख्रिस्तसभेशी निगडित आहे, आणि आज तो जळगाव-धुळ्याच्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे. म्हणून तो वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

'हॉस्पिस' हा शब्द लॅटिन भाषेतील 'हॉस्पेस' या शब्दापासून आला. त्याचा अर्थ यजमान असाही होतो आणि पाहुणा असाही. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचा शब्द शोधायचा तर तो 'धर्मशाळा' हाच होय. वाटसरूने यावे, पाठ टेकावी, कोणी त्याला तुझी जात कोणती, गाव कोणते असे विचारू नये. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोममधील फाबिओला या श्रीमंत स्त्रीने रस्त्यावरील आजाऱ्यांसाठी घर उघडले आणि त्यांच्या जखमा ती स्वहस्ते धुवीत असे, हे संत जेरोम यांनी लिहून ठेवले आहे. सोळाव्या शतकात संत कामिल्लुस द लेल्लिस यांनी मरणासन्नांच्या सेवेसाठी संघ स्थापन केला. ते स्वतः पूर्वाश्रमीचे सैनिक, जुगारी आणि पायाच्या न भरणाऱ्या जखमेने गांजलेले रुग्ण होते. आपल्या किनाऱ्यावरही हीच रीत आली. 1542 च्या मे महिन्यात संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले ते रुग्णालयातच राहिले. जो रुग्ण अधिक अत्यवस्थ असेल त्याच्याजवळ ते रात्री जमिनीवर अंग टाकीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

परंतु केवळ मरणाच्या वाटेवरील रुग्णांसाठी वेगळे घर असावे ही आधुनिक कल्पना सामान्य स्त्रियांकडून आली. फ्रान्समधील लिऑन शहरी जान गार्निए या तरुण विधवेने पती आणि दोन्ही मुले गमावल्यावर 1842 साली आपल्यासारख्याच विधवांची एक संघटना उभी केली. रुग्णालयांनी असाध्य म्हणून परत पाठविलेल्या कॅन्सरग्रस्त स्त्रियांची शुश्रूषा त्या करीत. त्या डॉक्टर नव्हत्या, धर्मभगिनीही नव्हत्या. पुढे आयर्लंडमध्ये मेरी एकेनहेड यांच्या संघातील धर्मभगिनींनी 1879 साली डब्लिन येथे असेच घर उघडले, आणि त्याच संघाने 1905 साली लंडनच्या हॅक्नी भागातील गरीब वस्तीत सेंट जोसेफ हॉस्पिस सुरू केले.

याच घरात 1958 साली सिसिली सॉन्डर्स नावाच्या डॉक्टर काम करू लागल्या. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर. 1948 साली डेव्हिड तास्मा नावाचा पोलंडमधून आलेला एक ज्यू निर्वासित त्यांच्या देखरेखीखाली कॅन्सरने वारला. परक्या शहरात त्याचे कोणी नव्हते. त्याने आपल्याजवळचे 500 पौंड त्यांना दिले आणि तुमच्या घराची मी एक खिडकी होईन, असे सांगितले. ते घर उभे राहण्यास एकोणीस वर्षे लागली. 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू झाले. संत ख्रिस्तोफर प्रवाशांचे आश्रयदाते, हे नावही विचारपूर्वक निवडलेले.

सॉन्डर्सबाईंनी दोन गोष्टी शिकविल्या. पहिली अशी की, वेदना उसळण्याची वाट न पाहता मॉर्फिन तोंडावाटे, ठरलेल्या वेळी, घड्याळ लावून द्यावे. तसे दिल्याने रुग्ण गुंगीत पडून राहत नाही, उलट बोलू लागतो, खातो, झोपतो. दुसरी अशी की, वेदना केवळ शरीराची नसते. मुलीचे लग्न राहिले आहे, कर्ज फिटलेले नाही, भावाशी अबोला आहे, देवाने का टाकले हे कळत नाही, हे सारे त्या वेदनेत मिसळलेले असते.

आता मला स्वतःविषयी लिहिले पाहिजे. 2003 साली माझ्या धर्मग्रामातील एक रेल्वे कर्मचारी जबड्याच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळला होता. मुंबईहून फाईल आणि 'आता घरी न्या' हा सल्ला घेऊन तो परतला. मी दर रविवारी मिस्सानंतर त्याच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जाई. त्याला गिळता येईनासे झाले तेव्हा नुसती प्रार्थना करून येई. एके दिवशी मी त्याला ख्रिस्ताच्या दुःखसहनात आपले दुःख मिसळण्याविषयी सांगत होतो. सेमिनरीत शिकलेले सारे मला नीट आठवत होते. त्याला बोलता येत नव्हते. त्याने मुलाची पाटी ओढली आणि लिहिले: "फादर, रात्र सरत नाही."

मी निरुत्तर झालो. त्या घरात एक वास भरलेला असे आणि त्यामुळे नातलग दारातूनच विचारपूस करून परतत. मीही खुर्ची थोडी दूर ओढून बसत असे, हे आज कबूल केले पाहिजे. पुढच्या आठवड्यात आमच्याच धर्मग्रामातील एक निवृत्त परिचारिका तेथे गेली. तिने जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुतली, डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर टाकली, त्याच्या पत्नीला पट्टी कशी बदलावी आणि कूस कशी वळवावी हे दाखविले. चार-पाच दिवसांत वास ओसरला आणि शेजारी उंबरठा ओलांडून आत आले. मॉर्फिनच्या गोळ्या मात्र गावात नव्हत्या. मुलगा रात्रीच्या गाडीने मुंबईस जाऊन त्या आणी. ज्या रात्री त्या पोटात गेल्या त्या रात्री तो माणूस झोपला. त्यानंतर तो सुमारे महिनाभर जगला. त्या महिन्यात त्याने पाटीवर लिहूनच भावाशी समेट केला, आणि रुग्णाभ्यंगाचा संस्कार स्वतः मागून घेतला.

वेदना शमविणे हे श्रद्धेच्या आड येते असे मानणारा मी एकटाच नसेन. खरे तर ख्रिस्तसभेने हा प्रश्न केव्हाच सोडविला होता. 24 फेब्रुवारी 1957 रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना स्पष्ट सांगितले की, अन्य उपाय नसेल तर वेदनाशामक गुंगीची औषधे देणे नीतीला धरून आहे, त्यायोगे आयुष्य काहीसे कमी होण्याचा संभव असला तरीही. हेतू वेदना शमविण्याचा असावा, मृत्यू आणण्याचा नसावा. आजच्या धर्मशिक्षणग्रंथात तर उपशामक सेवेला निरपेक्ष प्रीतीचा एक विशेष प्रकार म्हटले आहे. शिकवण होती. ती माझ्या ओठांपर्यंत पोहोचली नव्हती.

भारतात या सेवेचा आरंभ सर्वांना ठाऊक आहे. 1952 साली मदर तेरेसा यांनी कोलकात्यातील कालीघाट येथे 'निर्मल हृदय' उघडले, तेही देवळालगतच्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेत. महाराष्ट्रात कॅन्सरवरील उपचारांचे माहेरघर म्हणजे परळचे टाटा स्मारक रुग्णालय. ते 1941 साली सुरू झाले. ज्या रस्त्यावर ते उभे आहे त्याला तेथील नामवंत शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. त्याच रुग्णालयातील दुसरे कॅथलिक शल्यविशारद डॉ. लुईस जोस डिसोझा यांनी 1986 साली वांद्र्यास माउंट मेरीच्या टेकडीजवळ 'शांती अवेदना' ही संस्था सुरू केली. भारतातील हे पहिले आधुनिक हॉस्पिस. अवेदना म्हणजे वेदनेचा अभाव. तेथे धर्म विचारला जात नाही आणि पैसेही घेतले जात नाहीत. पुढे गोव्यात लोटली येथे आणि दिल्लीतही तिची घरे झाली.

पण जळगाव ते मुंबई हे अंतर सव्वाचारशे किलोमीटरांचे आहे. धुळ्याच्या रुग्णाला तर अनेकदा चाळीसगावला गाडी बदलावी लागते. खानदेशातील कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून उपचार घेतात, केळीचा बाग नाहीतर बैलजोडी विकून आलेला पैसा संपवितात, आणि उपचार थांबले की घरी परततात. परतीच्या त्या प्रवासानंतर काय, हा खानदेशाचा प्रश्न आहे.

या प्रश्नात एक विपरीत गोष्ट दडलेली आहे. मॉर्फिन अफूपासून होते. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे आणि माळव्यातून मुंबईस येणारा आग्रा रस्ता शिरपूर-धुळ्यावरूनच येतो. आजही सातपुड्यापलीकडे नीमच-मंदसौर भागात सरकारी परवान्याने अफू पिकते. तरीही 1985 सालच्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांची गुंतागुंत एवढी वाढली की, देशभरात रुग्णांसाठी मॉर्फिन मिळेनासे झाले. गैरवापर थांबावा म्हणून केलेला कायदा खऱ्या रुग्णाच्या वाट्याला आला. 2014 साली संसदेने त्यात दुरुस्ती करून हा मार्ग पुष्कळ सोपा केला. आता मान्यताप्राप्त संस्थेला एकाच परवानगीने ते ठेवता येते. मात्र परवानगी मागणारी संस्था आणि प्रशिक्षित डॉक्टर पुढे आले, तरच त्या दुरुस्तीला अर्थ आहे.

येथे केरळचे उदाहरण उपयोगी पडेल. 1993 साली कोझिकोडे येथे डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना व उपशामक सेवेची संस्था काढली. रुग्णालयाच्या दारी येणाऱ्यांपेक्षा येऊ न शकणारे अधिक आहेत, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. त्यातून शेजाऱ्यांची साखळी उभी राहिली. शिक्षक, रिक्षाचालक, विद्यार्थी, गृहिणी यांनी थोड्या तासांचे वर्ग केले, अनुभवी परिचारिकेबरोबर गृहभेटी दिल्या, आणि मग आपापल्या वाडीतील रुग्णांची जबाबदारी घेतली. खर्च मुख्यतः सामान्यांच्या छोट्या देणग्यांतून चाले. मशीद, देऊळ, चर्च यांतील माणसे एका रुग्णाभोवती जमली. 2008 साली केरळ सरकारने उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले, ते या लोकचळवळीच्या पाठीमागून. लिऑनच्या विधवांनी जे एका घरात केले, ते येथे गावोगावी झाले.

त्यांची कामाची वाटणीही समजून घेण्यासारखी आहे. मॉर्फिनची मात्रा डॉक्टर ठरवितो. त्याने मलावरोध होतो म्हणून सोबत रेचकही देतो. परिचारिका जखम, नळी, शय्याव्रण पाहते आणि घरच्यांना शिकविते. स्वयंसेवक औषध ठरवीत नाही. तो वेळेवर येतो, ऐकतो, रुग्णाच्या पत्नीला दोन तास झोपू देतो, मुलांची शाळेची फी राहिली आहे काय ते पाहतो, आणि मृत्यूनंतरही त्या घरी जात राहतो.

आपल्या धर्मप्रांतात हे होऊ शकेल काय? नाशिक धर्मप्रांत 1987 साली स्थापन झाला. खानदेशातील आपली कुटुंबे थोडी आणि विखुरलेली: भुसावळचे रेल्वेवाले, नगर जिल्ह्यातून आलेले शिक्षक आणि परिचारिका, सातपुड्याच्या पायथ्याचे आदिवासी बांधव. मोठी इमारत बांधणे आपल्या आवाक्यात नाही, आणि तिची तितकी गरजही नाही. धुळ्यास 1989 पासून आणि जळगावास 2018 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. केंद्र सरकारने 2012 साली राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम आखला, आणि गावपातळीवरील आरोग्य केंद्रांच्या सेवांच्या यादीतही ही सेवा आता समाविष्ट आहे. कागदावर असलेली गोष्ट मागण्यास लोक लागतात. आपल्याकडे निवृत्त परिचारिका आहेत, महिला मंडळे आहेत, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद आहेत. दर आठवड्यास एका घरी जाणारी दोन माणसे, आणि त्यांना शिकविणारी एक परिचारिका, एवढ्याने आरंभ होतो. रुग्ण बहुधा आपल्या धर्माचा नसेल. शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाने वाटेवर पडलेल्याला त्याचा धर्म विचारला नव्हता, त्याने जखमांवर तेल ओतले आणि धर्मशाळेत नेले.

त्या रेल्वे कर्मचाऱ्याची नोंद मीच वहीत केली. कारणाच्या रकान्यात कॅन्सर लिहिले, संस्कार मिळाले असे लिहिले, सही केली. मग समासात पेन्सिलीने एक ओळ लिहिली. नोंदवहीत असे काही लिहिण्याची रीत नाही, हे मला ठाऊक होते. पत्नी, भाऊ आणि एक परिचारिका उशाशी होती, एवढेच त्या ओळीत आहे.