कल्याणच्या श्लोकांतील ठेवा

हुमनाबादेहून पश्चिमेस निघालात की बसवकल्याण लागते. हेच चालुक्यांचे कल्याण. येथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत श्लोकबद्ध ग्रंथ आहे; काळ इ. स. ११२९ च्या सुमाराचा. राजाचा कोश कसा वाढवावा हे सांगताना त्यात भूमीत पुरलेले धन ओळखण्याच्या खुणा आणि त्यासाठीची अंजनेही दिली आहेत.

अशा खुणांच्या नादाने, पायाळू माणसाला हाताशी धरून, आपल्याकडे किती गढ्या आणि देवळे उकरली गेली! हंडा क्वचितच निघाला. भिंती मात्र ढासळल्या.

१९२५ पासून बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत हा ग्रंथ छापला जाऊ लागला. मराठी माणसाचा ठेवा त्याच्या संगीताच्या भागात आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी तेथे नोंद आहे. ज्ञानेश्वरीच्या आधी सुमारे १६० वर्षांची.

कानडी मुलखात राहूनही आपल्या घरांतून ती ओवी टिकली. आजीला येणाऱ्या ओव्या तुम्ही उतरवून घेतल्या आहेत काय? नसतील, तर वही घेऊन तिच्याजवळ बसा. तिच्यामागे त्या कोणत्याही अंजनाने दिसणार नाहीत.