मावळ्याचा गणवेश

दिवाळीत दगडमातीचा किल्ला रचून त्यावर ‘चित्रे’ मांडण्याची जी चाल महाराष्ट्रात रूढ आहे, तीत चित्र म्हणजे कागदावरची आकृती नव्हे, तर साच्यातून काढून रंगवलेली, बोटभर ते वीतभर उंचीची मातीची किंवा प्लास्टरची मूर्ती होय. माथ्यावर सिंहासनस्थ शिवाजी महाराज, बुरुजांवर भालाईत, तोफेपाशी गोलंदाज आणि पायथ्याच्या गावात गवळण, वासुदेव व विहीर असा हा परिवार असतो. यांतील गवळण आणि वासुदेव यांचा पोशाख रंगवणाऱ्याच्या रोजच्या पाहण्यातला होता, परंतु सैनिकाचा पोशाख त्याने कोठून आणला, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तर शोधताना पनवेलजवळच्या पेणपासून जर्मनीतील न्यूरेंबर्गपर्यंत जावे लागते.

युरोपात रंगीत खेळण्यातील सैनिक हा नियमबद्ध गणवेशाचा पाठोपाठ जन्मलेला भाऊ आहे. अठराव्या शतकात तेथील राजांनी आपल्या पलटणींना ठरावीक रंगाचे कोट, ठरावीक गळपट्ट्या आणि बटणे दिली, आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात न्यूरेंबर्ग परिसरात योहान हिल्पर्टसारखे कारागीर कथिलाचे चपटे सैनिक ओतू लागले. १८३९ मध्ये त्याच शहरात एर्न्स्ट हाइनरिखसेन याने सुरू केलेल्या कारखान्याने ३० मिलिमीटर उंचीचे माप रूढ केले, त्यामुळे निरनिराळ्या संचांतील सैनिक एका मैदानात शोभू लागले. लंडनमध्ये विल्यम ब्रिटन याने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाची युक्ती काढली. साच्यात वितळलेला शिशाचा मिश्रधातू ओतायचा, भिंतीलगतचा थर गोठला की उरलेला रस लगेच परत ओतून घ्यायचा, असे केल्याने धातू वाचला, सैनिक हलका झाला आणि किंमत उतरली. अशा सैनिकाच्या रंगकामात अचूक की चूक, हे ठरवणे सोपे होते, कारण कोणत्या पलटणीच्या कोटाची कॉलर कोणत्या रंगाची, हे सरकारी नियमातच लिहिलेले असे. ब्रिटन कंपनीच्या १८९० च्या दशकातील संचांत मुंबई इलाख्याचे देशी पायदळ आणि घोडदळही होते. म्हणजे ज्या पलटणींत कोकणातील आणि देशावरील तरुण भरती होत, त्यांचे नियमानुसार रंगवलेले खेळणे लंडनमध्ये विकले जात होते.

सतराव्या शतकातील मावळ्याला ही कसोटी लावू गेले तर ती लागतच नाही. सभासदाच्या बखरीत शिवकालीन फौजेची रचना तपशिलाने आली आहे. पायदळात दहा माणसांवर नाईक आणि त्यावर हवालदार, जुमलेदार, हजारी अशी चढती उतरंड होती. घोडदळात सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. हुद्दे, पगार, घोड्यांची गणती या सर्व गोष्टींत शिस्त होती, पण सर्वांनी एका रंगाचे कपडे घालावेत, ही कल्पना त्या शिस्तीत नव्हती. नेमक्या पेहरावाचा सर्वांत उपयुक्त लेखी तपशील मिळतो तो १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफ याच्या मराठ्यांच्या इतिहासात. त्याच्या वर्णनातील पायदळाचा शिपाई अर्ध्या मांडीपर्यंत येणारा आखूड चोळणा, कंबरेला घट्ट आवळलेला लांब पट्टा, डोक्याला पागोटे आणि क्वचित सुती बंडी अशा वेषात असतो, आणि कंबरेचे वस्त्र त्याला प्रसंगी अंगावर घ्यायलाही उपयोगी पडते. घोडेस्वार मात्र गुडघ्याखाली उतरणारी घट्ट विजार आणि कापूस भरलेला अंगरखा घालतो आणि पागोट्याचा एक फेर हनुवटीखालून घेतो, म्हणजे दौडीत ते पडत नाही.

या वर्णनाशेजारी आज बाजारात मिळणारा मावळा ठेवून पाहावा. त्याचा अंगरखा गुडघ्यापर्यंत आलेला, खाली चुडीदार विजार, कंबरेला सोनेरी काठाचा शेला, पायात टोकदार मोजडी. फरक एवढाच की एकाचा अंगरखा पांढरा, दुसऱ्याचा निळा, तिसऱ्याचा पोपटी. हा वेष खोटा नाही, पण तो दरबारी आहे. डोंगरकपारीत धावणाऱ्या पायदळाच्या अंगावर तो सरदाराचा उतरलेला पोशाख वाटतो.

हा बदल कसा घडला, याचे धागे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सापडतात. १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवोत्सव झाला आणि पुढील काही दशकांत शिवचरित्र घरोघर दिसू लागले ते मुख्यतः छापील तसबिरींतून, नाटकांतून व नंतर चित्रपटांतून. महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारख्या जे. जे. कलाशाळेत घडलेल्या चित्रकारांनी राज्याभिषेकासारखे प्रसंग रंगवले, आणि अशा चित्रांचा विषयच दरबार असल्यामुळे दरबारी पेहराव लोकांच्या नजरेत बसला. शिल्पात हेच काम नानासाहेब करमरकर यांनी केले. अलिबागजवळच्या सासवणे गावात १८९१ मध्ये जन्मलेल्या करमरकरांच्या घरी गणेशमूर्ती घडवण्याचा परिपाठ होता, आणि त्यांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा १९२८ मध्ये पुण्यात उभा राहिला. गणपती घडवणाऱ्या घरातून आलेला शिल्पी आणि इतिहासाचा सैनिकी विषय यांची ही गाठ आजच्या किल्ल्यावरच्या चित्रांचीही गाठ आहे, कारण ती चित्रे पुष्कळदा ज्या हातांनी बनतात ते हात मूर्तिकारांचे किंवा कुंभारांचेच असतात.

पनवेलहून गोव्याच्या महामार्गाने निघाले की कर्नाळा ओलांडून पेण येते, आणि पेण व त्याच्या आसपासची हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी सर्वश्रुत आहेत. मूर्तीच्या धंद्यात साचा, रंगाचा हात आणि आखणी या तीन पायऱ्या वेगळ्या मानतात. आखणी म्हणजे डोळे, भुवया यांच्या अंतिम रेषा, आणि ते काम मुरलेल्या माणसाकडेच जाते. छोट्या सैनिकालाही हाच क्रम लागू पडतो. प्लास्टर सुकल्यावर आधी पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग कपडे, शेवटी सोनेरी आणि काळा. मिशी एका फटकाऱ्यात येते, डोळा दोन ठिपक्यांत. रबरी साच्यामुळे खोलगट, आत वळलेले भागही न मोडता सुटतात, तरी सुटा भाला किंवा पुढे काढलेली तलवार प्लास्टरमध्ये टिकत नाही, म्हणून ढाल छातीशी आणि तलवार खांद्याशी चिकटलेली असते. मावळ्याची ती ताठ, आज्ञाधारक उभी राहण्याची ढब इतिहासातून आलेली नसून साच्याच्या सोयीतून आली आहे. एका साच्यातून निघालेले शंभर मावळे एकाच मापाचे, एकाच ढबीचे होतात आणि ज्या फौजेला गणवेश नव्हता, तिला तो खेळण्याच्या कारखान्यात आपोआप मिळतो.

पनवेल कोकणात आहे, म्हणून त्याच्या दृष्टीने येथे एक जास्तीची गोम आहे. ग्रँट डफ मावळांतील पायदळाला मावळे म्हणतो, पण कोकणातील पायदळाला हेटकरी म्हणतो, आणि हे हेटकरी नेमबाजीसाठी नावाजलेले होते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत पनवेलजवळचा कर्नाळा होता. १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला तेव्हा मातीचे मोर्चे उभारीत आणि लाकडी फळ्यांचा आडोसा घेत ते पुढे सरकले, अशी नोंद आहे. पनवेलच्या अंगणातील किल्ल्याला कर्नाळा म्हणायचे असेल, तर सर्वांत खरे चित्र फळी पुढे धरून वाकून चालणाऱ्या माणसांचे ठरेल. बाजारात मात्र फळी धरलेला शिपाई सहसा दिसत नाही, उलट बुरुजावर खाकी वेषातला आधुनिक बंदुकीचा जवान मावळ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो आणि मुलांना त्यात काही खटकत नाही.

इतिहासाला धरून मावळा वा हेटकरी रंगवायचा तर संदर्भ अगदीच तुटपुंजे नाहीत. मीर मुहंमद या चित्रकाराने १६८६ पूर्वी इटालियन प्रवासी मनुची याच्यासाठी काढलेल्या चित्रात घोड्यावरील शिवाजी महाराजांबरोबर पायी सैनिक दिसतात, आणि ते चित्र आज पॅरिसमध्ये आहे. त्यावरून व बखरींवरून काम करणाऱ्या रंगकाराला एका फौजेसाठी एक रंग ठरवता येणार नाही. प्रत्येक पागोटे वेगळ्या छटेचे, धुऊन विटलेले, कापड खादीच्या मळकट पांढऱ्यापासून मंजिष्ठेच्या तांबड्यापर्यंत, आणि हेटकऱ्याच्या हाती तोड्याची, म्हणजे जळती वात लावून उडवायची बंदूक. अशा सैनिकाच्या उघड्या मांड्या आणि पोटऱ्यांवर तपकिरी रंगच अधिक खर्ची पडतो, भडक निळा आणि पोपटी जवळजवळ लागतच नाही. आणि दुकानाच्या फळीवर रांगेने मांडलेल्या चित्रांतून मूल हात घालते ते निळ्या-पोपटी अंगरख्यावर, म्हणून कारखानदार आखूड चोळण्याचा साचा काढायला सहसा तयार होत नाही.